वासू हरी चाळीची बंद गॅलरी

"समुदाय! कसला रे मेल्यांनो तुमचा समुदाय? कुठे राहतो तो? कुठल्या मजल्यावर?"

सरोजिनी परब फोनवर ओरडत होती. फोनवर म्हणजे पलीकडे कुणी होतं अशातला भाग नाही. ती त्या फोनच्याच अंगावर ओरडत होती. पडद्यावर दोन ओळी आल्या होत्या, आणि त्या अशा मराठीत होत्या की वाचणाऱ्याला वाटावं, आपणच शाळेत गेलो नाही. ‘आपल्या पृष्ठाने आमच्या समुदाय मानकांचे उल्लंघन केले आहे. आपले पृष्ठ अप्रकाशित करण्यात आले आहे.’ खाली नाव नाही, हुद्दा नाही, सहीचा कोंबडासुद्धा नाही. म्युन्सिपाल्टीची नोटीस आली तर शिव्या घालायला निदान एखादा साहेब तरी सापडतो. इथे शिव्या घालायच्या तरी कुणाला?

आणि हे कधी, तर सोमवारी. येत्या रविवारी चाळीची सभा होती. लोकांना सभेला बोलवायचं सरोजिनीकडे दुसरं साधन नव्हतं, ते पेज हेच साधन. म्हणजे ऐन वेळी कुणीतरी गळाच दाबला म्हणायचा.

आता हे पेज म्हणजे काय प्रकरण, ते समजायला सरोजिनीच समजून घ्यावी लागेल. करी रोडच्या वासू हरी चाळीत तिचा जन्म. लग्नही चाळीतच झालं. चौदा नंबरमधून निघाली आणि एकतीस नंबरमध्ये गेली, वरात काय ती एक जिना चढली. नवरा विश्राम परब गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा तो खचला, आणि पुढे संसार ओढला तो सरोजिनीने. परळच्या एका हॉस्पिटलात ती टेलिफोन ऑपरेटर होती. रात्रपाळी, दिवसपाळी, कानाला यंत्र, समोर दिवे. कुणाची बायको अडलेली, कुणाचा बाप ऑपरेशनला घेतलेला, सगळ्यांना बाईंनी योग्य त्या वॉर्डात जोडून द्यायचं. बाईंचा आवाज खणखणीत आणि स्वभाव तिखट. "ओरडू नका, लाइन मी कापलेली नाही, तुम्हीच बोलत नाही आहात," असं त्या मोठमोठ्या डॉक्टरांनासुद्धा सुनवायच्या. विश्राम गेला, ती रिटायर झाली, आणि मग चाळ पाडायची निघाली.

बिल्डर आला, हारतुरे झाले, टॉवरचं रंगीत चित्र लागलं. सगळ्यांनी खोल्या रिकाम्या केल्या. कोण बदलापूरला गेलं, कोण नालासोपाऱ्याला, कोण दिव्याला. सरोजिनी तेवढी हट्टाने करी रोडलाच एका खोलीत भाड्याने राहिली. ‘उद्या चाळीवर लक्ष कोण ठेवणार?’ म्हणून. चाळ पडली, खड्डा खणला, आणि बिल्डरने हात वर केले. खड्ड्यात पाणी साचलं. पाण्यात बेडूक झाले. भोवती निळे पत्रे उभे राहिले, आणि बाकी काही म्हणता काहीच उभं राहिलं नाही.

माणसं पांगली ती पांगलीच. व्हॉट्सॲपवर ग्रुप केला तर भांडणं होऊन त्याचे तीन ग्रुप झाले, आणि तिन्ही ग्रुपांवर फक्त सुप्रभात. मग सरोजिनीने पेज काढलं. नाव ठेवलं ‘वासू हरी चाळ, कॉमन गॅलरी’. चाळीत असताना गॅलरीत उभं राहून जे जे चालायचं ते ते सगळं तिने पेजवर आणलं. कुणाला मुलगा झाला, कुणाला जावई बघायचाय, कुणाचा गुडघा बदलला, गावच्या जत्रेला कुणाच्या गाडीत जागा आहे. जुने फोटो टाकायची आणि खाली लिहायची, ‘डावीकडून तिसरा कोण ते ओळखा, चुकलात तर चाळीचे नव्हेत.’ म्हातारीकोतारी माणसं नातवंडांना दटावून दटावून ते पेज उघडायला लावायची.

त्यात एक होता हेरंब रेडकर. पहिल्या मजल्यावरचा. त्याचं म्हणणं, हाच बिल्डर ठेवा, नवा आणलात तर आणखी दहा वर्षं कोर्टात जातील. तसं म्हणायला हरकत नव्हती, पण हा प्रत्येक पोस्टखाली तेच म्हणायचा. बारशाच्या फोटोखालीसुद्धा. लोक चिडायचे, त्याला बिल्डरचा चमचा म्हणायचे, तो उलट बोलायचा. शेवटी सरोजिनीचंही डोकं फिरलं. भातातला खडा काढावा तसा तिने तो पेजवरून काढून टाकला. एक बटण दाबलं, हेरंब गेला. गॅलरीत शांतता झाली, लोकांनी तिला टाळ्यांची चित्रं पाठवली, आणि ती कामाला लागली.

काम म्हणजे ही सभा. बिल्डर बदलायचा ठराव. कायदा असा की निम्म्याहून जास्त सभासद जातीने हजर पाहिजेत, नाहीतर सभा रद्द आणि मागचे पाढे पंचावन्न. सेक्रेटरी अवधूत तावडे म्हणाला, "वहिनी, मी सगळ्यांना रीतसर नोटिसा पाठवल्यात."

"कुठल्या पत्त्यावर?"

"रेकॉर्डवर आहे त्या."

"रेकॉर्डवर कुठला आहे?"

"वासू हरी चाळ, करी रोड."

म्हणजे या गाढवाने सगळ्या नोटिसा खड्ड्यात पाठवल्या होत्या! सरोजिनीने कपाळावर हात मारून घेतला. "बेडूक येणार आहेत का रे मतदानाला?" अवधूत म्हणाला, "कायद्याने बरोबर आहे ते." असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं!

तेव्हा सगळी भिस्त पेजवर. सभेआधीच्या रविवारी चाळीची सत्यनारायणाची पूजा होती. चाळ नसली तरी पूजा चुकवायची नाही म्हणून पत्र्यासमोर फुटपाथवरच चौरंग मांडला. पूजा झाली की गाऱ्हाणं घालायचं, ही कोकणातल्या माणसांची रीत. देवासमोर उभं राहून एकाने मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत दुजोरा द्यायचा. हे काम पुरुषांचं. पण चाळीतल्या पुरुषांना आता गाऱ्हाणं येईना. एकाने मोबाइलवर शोधायला घेतलं तेव्हा सरोजिनीचा संयम संपला. तिने नारळ हातात घेतला आणि डोक्यावर पदर ओढून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां, कोण बदलापूरसून इली, कोण दिव्यासून इली, ह्या पत्र्याम्होरं उभी रवान तुका हाक मारतत, ती आयक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या खड्ड्यात पाणी इला, बेडूक इले, पण भिंत काय इली नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर जो कोण आमच्या घराच्या आड इलो असात, तेचे पाय मोडान तेका तुझ्या पायरेर आणून बसव, आणि तेच्याच हातान पयली वीट लावून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा काही गजर झाला की सिग्नलला थांबलेले टॅक्सीवालेसुद्धा हात जोडून मोकळे झाले.

गाऱ्हाण्यात कुणाचं नाव घ्यायचं नसतं. देवाला ठाऊक असतं. सरोजिनीनेही घेतलं नाही. पण तिने त्याचा व्हिडिओ पेजवर टाकला, वर सभेची तारीख लिहिली, आणि चाळकऱ्यांना कुठला दम निघतोय! कुणी बिल्डरचा फोटो चिकटवला, कुणी लिहिलं ‘पाय मी मोडतो, देवाला कशाला त्रास’, कुणी कोयत्याचं चित्र टाकलं. दिवसभर हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. दुसऱ्या दिवशी पेज बंद. कारण दिलं होतं, ‘हिंसेस चिथावणी’.

खाली एक बटण होतं, ‘निर्णयाशी असहमत’. सरोजिनीने ते दाबलं. चष्मा नीट करेपर्यंत उत्तर आलं, ‘आम्ही आपल्या प्रकरणाचे काळजीपूर्वक पुनरावलोकन केले आहे. निर्णय कायम आहे.’

"अरे काळजी करायला तरी वेळ लावा!" सरोजिनी म्हणाली.

मग तिने त्या कंपनीचा नंबर शोधायला घेतला. आख्खी सकाळ शोधला. तक्रार अधिकारी म्हणून एक पत्ता सापडला, त्यावर तिने शुद्ध मराठीत सविस्तर लिहिलं, की गाऱ्हाणं म्हणजे काय, म्हाराज म्हणजे कोण, पाय मोडायचं काम देवाकडे सोपवलेलं आहे, आम्ही स्वतः काही करणार नाही. त्यावरही यंत्राचंच उत्तर आलं, आभाराचं. पण नंबर नाही तो नाहीच. जिने उभा जन्म नंबर जोडण्यात घालवला तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जगात सगळ्यांची तोंडं जोडून द्यायचा धंदा करतात, आणि स्वतःला एक फोन नाही! स्मशानालासुद्धा नंबर असतो.

संध्याकाळी तिने लंडनला नूपुरला फोन लावला. नूपुर तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, तिकडे कॉलेजात कायदा शिकवते.

"बाय नूपुर, तुमच्या तिकडे म्हणे लोकशाही आहे. बोलायचं स्वातंत्र्य आहे. ही कंपनी तिकडचीच ना? मग ते स्वातंत्र्य पॅक करताना राहून गेलं की काय?"

नूपुर हसली. "मावशी, कंपनी अमेरिकेतली, आणि तिथे ते स्वातंत्र्य सरकारपासून असतं. सरकारने तुझं तोंड बंद करायचं नाही. कंपनी खासगी. तिची जागा, तिचे नियम."

"म्हणजे मालकाची चाळ, म्हणून मालक म्हणेल तेव्हा खोली खाली करायची? आमच्या वासू हरीच्या मालकाने तेच म्हटलं होतं. धोबीतलावच्या कोर्टात आमच्या सासऱ्यांच्या चपला झिजल्या, पण कोर्टाने पहिली गोष्ट हीच विचारली, नोटीस दिलीत का? भाडेकरूचं ऐकलंत का? पागडीच्या खोलीला जे मिळतं ते तुमच्या त्या लोकशाहीत मिळत नाही?"

"युरोपात आता तसाच कायदा केलाय. काढायचं तर कारण द्या, तक्रार नीट ऐका. पण मावशी, दुसरी बाजूही बघ ना. ‘पाय मोडा’ असं लिहिलं आणि उद्या कुणी खरंच मोडले तर? असं झालंय ठिकठिकाणी. घरं जळली आहेत. तेव्हा हेच लोक ओरडले की कंपनीने वेळेत काढलं का नाही? आणि तिकडे बसलेल्या यंत्राला मालवणी गाऱ्हाणं कसं कळणार?"

"कळत नसेल तर विचारावं."

"कोट्यवधी लोकांना कोण विचारत बसणार?"

"मग एवढे भाडेकरू ठेवले कशाला? झेपत नव्हतं तर?"

सरोजिनीला वाटलं, जिंकले. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "बरं, मला सांग, तू त्या हेरंबला काढलंस तेव्हा त्याला विचारलं होतंस?"

"त्याचं काय मध्येच?"

"नोटीस दिली होतीस? कारण सांगितलंस? त्याने अपील कुठे करायचं होतं?"

"तो बिल्डरचा चमचा आहे!"

"असेल. पण सभासद आहे ना?"

"तुझं जेवण झालं का? जेव जा," म्हणून सरोजिनीने फोन ठेवून दिला. या पोरीला हिनेच लहानपणी भांडायला शिकवलं होतं. चांगलं फळ मिळालं.

मंगळवारपासून तिने जुन्या पद्धतीने काम सुरू केलं. ज्यांचे नंबर होते त्यांना लावला, त्यांच्याकडून पुढचे घेतले. कुणी उचलेना, कुणाचा बदललेला, कुणी गावाला. कुणी म्हणालं, "सरूवहिनी, पेजवर टाका ना, मग लक्षात राहतं." ऐकून ती दातओठ खायची. घसा बसला, कान तापला. हिंदमाताच्या साडीच्या दुकानात काम करणाऱ्या रखमाला गाठून तिच्याकडून तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या जावा-नणंदांचे नंबर काढले. शुक्रवारपर्यंत नाकी नऊ आले, तरी हिशेब काठावर. मग ज्या नावावर ती सारखी अडखळत होती, तो नंबर तिने एकदाचा फिरवला.

"हेरंब, सरूवहिनी बोलतेय. रविवारी दहा वाजता सभा आहे, परळच्या शाळेत. सभासदांना कळवतेय, तू सभासद आहेस, म्हणून कळवलं. ठेवते."

पलीकडून तो काही बोलायला गेला तोवर तिने ठेवूनही दिला. नूपुरला दाखवायला झालं, झालं.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये माणसं यायला लागली आणि थोडा वेळ सरोजिनी सगळा वैताग विसरली. कुणी काठी टेकत, कुणी नातवाला कडेवर घेऊन. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. अध्यक्ष म्हणून सरोजिनीलाच बसवलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. निबंधक कचेरीतून आलेला माणूस टेबलाशी घड्याळ बघत बसला होता. त्याने सांगितलं, अकरापर्यंत वाट बघतो, नंतर हजेरी बंद.

अकराला थोडा अवकाश होता तेव्हा अवधूत तिच्या कानाशी लागला. "वहिनी, कमी पडताहेत."

"किती?"

"चार."

"येताहेत का कोण वाटेत?"

"वाटेत नाहीत, समोर आहेत. हेरंब आणि त्याच्याबरोबरचे तिघे. टपरीवर चहा पीत उभे आहेत. ते आत येतच नाहीत. आले नाहीत की सभा रद्द."

असं होतं तर! सरोजिनी ताडकन उठली. जिना उतरून, रस्ता ओलांडून टपरीशी गेली. हेरंबच्या हातात काचेचा ग्लास होता. डोकं तुळतुळीत केलेलं, त्यावर नुकतेच केस फुटत होते. तिला वाटलं, आजकालची फॅशन.

"वर ये. सही कर. मग हवं तर विरोधात मत दे."

"बोलायला देणार?" हेरंब म्हणाला.

"काय?"

"मला सगळ्यांसमोर बोलायचंय. माइकवर. मधून कुणी बसवायचं नाही. देणार असाल तर आम्ही चौघे वर येतो."

हा मेला आता आख्ख्या सभेला बिल्डरची आरती ऐकवणार. पण दुसरा इलाज काय होता? "दिलं," ती म्हणाली. "शब्द दिला. चल."

चौघांनी सह्या केल्या. हजेरी पुरी झाली. हॉलमध्ये हुश्श झालं. पण सरोजिनीने माइक हेरंबच्या हातात दिल्याबरोबर सगळा हॉल उसळला. "चमच्या, खाली बस!" "बाहेर काढा त्याला!" "ह्यानेच पेज बंद पाडलं!" मागच्या रांगेतून कुणीतरी चप्पल काढून दाखवली. हेरंब तोंड उघडायचा आणि लोक ओरडायचे.

सरोजिनीने टेबलावर असा काही हात आपटला की निबंधकाच्या माणसाची फाइल खाली पडली. "गप! सगळे गप! सही केलीय त्याने. सभासद आहे. बोलणार तो. ज्याला ऐकायचं नसेल त्याने कानात बोटं घाला, पण इथेच बसून घाला!"

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर कमावलेला आवाज होता तो. हॉल गप्प झाला.

"पेज मी बंद पाडलं," हेरंब म्हणाला. "कंपनीकडे रिपोर्ट मी मारला, मित्रांनाही मारायला लावला. खोटं कशाला बोलू? आणि का मारला ते सांगायला आलोय." त्याने घसा खाकरला. "माझी आई गेली. महिना झाला. दिव्याला. रात्री गेली, सकाळी उचलायची होती. मला पहिलं काय सुचलं, तर पेजवर टाकू. राधाबाई गेल्या म्हटल्यावर चाळ येणार. टाकायला गेलो, तर लिहून आलं, तुम्हाला परवानगी नाही."

"फोन करायचास की!" कुणीतरी म्हणालं, पण हळू.

"कुणाला करू? अर्ध्यांनी मला ब्लॉक केलेलं. दोघांना लावला, उचलला नाही. मी, माझा मेहुणा, ऑफिसातला एक, तीन झाले. चौथा खांदा बिल्डिंगच्या वॉचमनने दिला. त्याला आईचं नावही माहीत नव्हतं. वासू हरी चाळीत जन्म काढलेली बाई, आणि चाळीतलं एक माणूस नाही. बस, एवढंच. बिल्डरबद्दल मला काही बोलायचं नाही."

त्याने माइक टेबलावर ठेवला.

राधाबाई रेडकर. सरोजिनी बाळंतपणाला माहेरी चौदा नंबरमध्ये आली होती तेव्हा रात्र रात्र उशाशी बसलेली राधाबाई. ते डोक्यावरचे केस, फॅशन म्हणे! आणि शुक्रवारी तिने स्वतः याला फोन केला होता. चाळीतलं शेंबडं पोरही फोनवर आधी विचारतं, आई कशी आहे? हिने सभेची वेळ सांगितली आणि ठेवून दिला. त्या नाव नसलेल्या कंपनीला आठवडाभर शिव्या घालणाऱ्या बाईने! तिला स्वतःचाच असा संताप आला की डोळ्यात पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी संताप आला.

तिने माइक ओढून घेतला. "हेरंबला पेजवरून मी काढला. न विचारता, न सांगता काढला. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी टाळ्या दिल्यात, त्या परत घ्या. माझं चुकलं. हेरंब, माझं चुकलं रे. राधाबाईला खांदा द्यायला मी आले असते. बाई असले तरी आले असते." पहिल्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि जो मघाशी चप्पल दाखवत होता तो ती पायात घालायचंही विसरून खाली बघत बसला होता. हेरंब माफ केलं म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही. खुर्चीत जाऊन बसला.

निबंधकाच्या माणसाने घड्याळ दाखवलं. ठराव वाचला गेला. बाजूने हात वर करा म्हटल्यावर हॉलभर हात वर झाले. अवधूतने मोजले, निबंधकाच्या माणसाने मोजले, ठराव दणक्यात पास झाला. लोक टाळ्या वाजवायला लागले, कुणी पेढ्यांचा पुडा फोडला.

"थांबा," सरोजिनी म्हणाली. "विरोधात कोण?"

हेरंबने हात वर केला. त्याच्यामागे त्या तिघांनी.

म्हणजे इतकं सगळं होऊन हा मेला विरोधातच! सरोजिनीला वाटलं, उठून याच्या दोन थोबाडीत द्याव्यात आणि मग जवळ घ्यावं. अवधूत सभेचं इतिवृत्त लिहीत होता. तो खाली वाकून कुजबुजला, "वहिनी, पास तर झालाच आहे. ‘एकमताने’ लिहू का? वर पाठवायला छान दिसतं. ते चार काय, कुणी विचारणार नाही."

सरोजिनीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पेन उचललं.

"चार विरोधात लिही," ती म्हणाली. "नावानिशी लिही. पहिलं लिही, हेरंब राधाबाई रेडकर."